आचऱ्याचा प्रवास व एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

कोल्हापुराहून दक्षिण कोंकणांत उतरण्यास घाट पुष्कळ. परंतु आम्हांस त्यांतल्या त्यांत फोंड्याच्या घाटाची वाट अधिक आवडते. प्रथम भोगावतीवर राजर्षि शाहू महाराजांनीं बांधावयास घेतलेलें राधानगरीचें धरण लागतें. पुढें गव्यांबद्दल प्रसिद्ध असलेलें दाजीपूरचें अरण्य. आणि मग वळणें घेत घेत गाडी खालीं उतरूं लागली म्हणजे देशावरची कोरडी हवा केव्हां मागें राहिली व कोंकणची दमट हवा केव्हां अंगाला लागली, हें प्रवाशास कळतहि नाहीं. कणकवलीस पोंचल्यावर पश्चिमेचा रस्ता धरावा. जांभ्या दगडाचे गडगे, काजूचीं झाडें, मोहोरानें भरलेलीं आंब्याचीं कलमें आणि मधून मधून चार कौलारू घरें अशी ही तासाभराची वाट आहे. माघ महिन्यांत या वाटेनें जाणारास मोहोराचा वास आधीं भेटतो व समुद्राचा वारा मागाहून भेटतो. तो वारा भेटला कीं आचरा आला असें समजावें.

आचरा हा मालवण तालुक्यांतील गांव. मालवणच्या उत्तरेस, खाडी व समुद्र यांच्या शेजारीं वसलेला. गांवचें दैवत श्रीरामेश्वर. दैवत शिवाचें असून तेथें रामनवमीचा उत्सव मोठ्या थाटानें होतो, हें प्रथम ऐकणारास नवल वाटतें. परंतु ईश्वराचें नांवच ज्यानें रामावरून घेतलें त्याच्या घरीं रामाचा जन्म साजरा व्हावा यांत विसंगत तें काय? या गांवाची दुसरी प्रसिद्धि गांवपळणीबद्दल आहे. दर कांहीं वर्षांनीं देवाचा कौल घेऊन सगळा गांव वेशीबाहेर जातो. माणसें तर जातातच, पण गुरें, कुत्रीं, कोंबडीं यांसहि मागें ठेवीत नाहींत. तीन दिवस व तीन रात्रीं लोक रानांत झोंपड्या करून राहतात, आणि पुन्हां कौल मिळाला म्हणजेच परततात. या चालीस कोणी श्रद्धा म्हणतात, कोणी आरोग्याचा जुना उपाय म्हणतात. आमच्या प्रवासाचा हेतु निराळा होता. पण गांवपळणीचा उल्लेख पुढें एका अनपेक्षित ठिकाणीं यावयाचा आहे, म्हणून तो येथें करून ठेवितों.

आचरा हें आमच्या थोरल्या भगिनीचें सासर. आम्ही तिला अक्का म्हणतों. वय अठ्ठयाहत्तर, दृष्टि अधू, परंतु स्मरण व शब्द दोन्ही धारदार. तिचे दोन पुत्र. वडील मुंबईस नोकरीवर, धाकटा घरीं राहून माड व कलमें सांभाळतो. दोघां भावांत इस्टेटीवरून कधीं शब्द झाला नाहीं; तो झाला तो एका मोटारीवरून. आमचे मेहुणे सहा वर्षांपूर्वीं वारले, तेव्हांपासून त्यांची फियाट गाडी खळ्याच्या कडेस पडवीखालीं उभी होती. ती चालू करावयाची, याविषयीं दोघांचें एकमत होतें. किती करावयाचें, याविषयीं मात्र मत जुळेना. शेवटीं अक्कानें आम्हांस निरोप धाडला, "मुलें माझें ऐकत नाहींत, तुझें ऐकतील. चार दिवस येऊन जा."

या गाडीच्या कुळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें 1944 सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांत प्रथम अमेरिकन बनावटीच्या डॉज व प्लिमथ गाड्या जुळविल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन फियाट 1100 ही गाडी तेथें होऊं लागली. तिचीच एक आवृत्ति 'डिलाइट', आणि 1974 पासून तिलाच 'पद्मिनी' हें राणीचें नांव मिळालें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिनें कित्येक पिढ्यांस स्टेशनावरून घरीं पोंचविलें. यांपैकीं शेवटची टॅक्सी 2003 च्या आक्टोबरांत नोंदली गेली होती; वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर 2023 च्या आक्टोबर अखेरीस तीहि मुंबईच्या रस्त्यावरून गेली. अक्काच्या घरची गाडी डिलाइट, 1968 सालीं प्रथम नोंदलेली. मेहुण्यांनीं ती 1979 त जुनी म्हणून घेतली. आंब्याच्या पेट्या तिनें वाहिल्या, लग्नाचीं वऱ्हाडें वाहिलीं, आणि धाकटा भाचा जन्मावयाचा होता त्या रात्रीं अक्कास मालवणास तिनेंच नेलें. तिचें इंजिन 1089 घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. ब्लॉक बिडाचा, हेड अल्युमिनियमचें. आजच्या मानानें फार साधें यंत्र. पण साधें असल्यामुळेंच माणसाच्या हाताला कळणारें.

आतां वादाचा विषय. वडील भाच्याचें म्हणणें असें होतें, "मामा, करायचं तर एकदांच आणि पुरतें. इंजिन उतरवूं, फोंड्याच्या घाटानें कोल्हापुरास उद्यमनगरांत नेऊं, बोअर करूं, पिस्टन, रिंगा, बेअरिंगें सारीं नवीं घालूं. बाबांची गाडी कारखान्यांतून निघाली तशी झाली पाहिजे." धाकट्याचें म्हणणें, "दादा, तेवढ्या पैशांत घराचे वांसे बदलून होतील. पावसाळा काय गाडी बघून थांबणार आहे? प्लग पुसूं, बॅटरी घालूं, चालली तर चालली." अक्काचें म्हणणें दोघांहून निराळें व फार लहान होतें. "मला यंदा रामनवमीस देवळांत त्याच गाडींतून जायचें आहे. पुढच्या वर्षाचें मला सांगूं नका."

तिघांचेंहि म्हणणें त्यांच्या त्यांच्या परीनें योग्य होतें, हीच यांतील अडचण. मोठ्याच्या म्हणण्यांत पितृभक्ति होती, धाकट्याच्या म्हणण्यांत प्रपंच होता, आणि अक्काच्या म्हणण्यांत काळ होता. पूर्ण काम करावें तर रामनवमी हातची जाणार. अगदींच वरवर करावें तर गाडी वाटेंत उभी राहण्याची भीति.

आम्ही उभा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविला. यंत्रशास्त्राशीं आमचा संबंध नाहीं. तथापि जीर्णोद्धार हा शब्द आमच्या ओळखीचा आहे. जीर्णाचा उद्धार, म्हणजे जें झिजलें, खचलें, त्यास वर उचलणें. जुनें पाडून नवें बांधणें याला तो शब्द लागत नाहीं. यावर वडील भाच्यानें विचारलें, "पण मामा, सगळे भाग बदलले तरी गाडी तीच ना?" हा प्रश्न आपल्या देशांत दोन सहस्र वर्षांमागें होऊन गेलेला आहे. मिलिंदपञ्हो या पाली ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदास विचारतो, कीं रथ म्हणजे चाकें काय, आंस काय, कीं दांडी? यांपैकीं एकहि रथ नव्हे. त्यांच्या जुळणीस आपण रथ म्हणतों. तेव्हां भाग बदलल्यानें गाडी नाहींशी होत नाहीं, हें खरें. पण जो भाग अजून आपलें काम करीत आहे तो केवळ जुना म्हणून काढावा, असें नागसेन कोठेंहि सांगत नाहीं.

असो. तत्त्वज्ञानानें इंजिन फिरत नाहीं. त्यास मेस्त्री लागतो. आचऱ्याजवळच्या एका वाडींतील वृद्ध मेस्त्री आले. तरुणपणीं मुंबईस टॅक्सीच्या गॅरेजांत त्यांनीं अशीं शेंकडों इंजिनें उघडलेलीं. वडील भाच्यानें त्यांस विचारलें, "मेस्त्री, इंजिन कधीं उघडायचं?" ते म्हणाले, "इंजिन बिघाडला म्हणान उघडूचा नसता. काय बिघाडला ता कळला काय मगे उघडूचा." आम्हांस हें वाक्य न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठासारखें वाटलें.

सहा वर्षें खाऱ्या हवेंत उभ्या असलेल्या इंजिनास एकदम बटण दाबून फिरविणें हें फार घातक. रिंगा सिलिंडरास गंजानें धरून बसलेल्या असतात. जोर केला तर त्या तुटतात. मेस्त्रींनीं चारी प्लग काढले, प्रत्येक भोंकांत पातळ तेल सोडलें, आणि चार दिवस कोणीं हात लावावयाचा नाहीं असें बजावलें. पांचव्या दिवशीं पुढून हँडल घालून त्यांनीं हलक्या हातानें दाब दिला. प्रथम नकार, मग केंसाइतकी हालचाल, मग एक पूर्ण फेरा. अक्का ओटीवरून म्हणाली, "फिरलें ना? मला आवाज आला." जुनें तेल काढून नवें भरलें, रेडिएटर धुऊन पाणी घातलें, कार्ब्युरेटर स्वच्छ केला, टांकीतील आंबलेलें पेट्रोल फेंकून डब्यांतून ताजें दिलें, आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली.

त्याबरोबर निळ्या धुराचा लोट निघाला. धाकट्या भाच्याचा चेहरा उतरला, कारण निळा धूर म्हणजे तेल जळतें, आणि तेल जळतें म्हणजे रिंगा गेल्या, हें त्यास ठाऊक होतें. धुरावरून अग्नीचें अनुमान हें तर्कशास्त्रांतलें सर्वांत जुनें उदाहरण. मोटारीच्या बाबतींत त्याचा विस्तार असा, कीं काळा धूर असेल तर पेट्रोल अधिक जातें, पांढरा धूर टिकून राहिला तर पाणी आंत शिरतें, व निळा असेल तर तेल जळतें. पण तर्कशास्त्रांत हेत्वाभासहि सांगितले आहेत. हेतु दिसतो, पण तो खरा हेतु नसतो. मेस्त्री हंसून म्हणाले, "ह्या तेल आपणच घातलेला मां!" खरोखरच दहा मिनिटांत तें तेल जळून गेलें व धूर विरला.

इंजिन ऊन झाल्यावर खरी परीक्षा झाली. प्रत्येक सिलिंडरांत दाब किती भरतो हें मोजण्याचें घड्याळ प्लगच्या जागीं लावतात. येथें आंकड्यापेक्षां चौघांची बरोबरी पाहावयाची. तीन सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले. तिसरा मात्र बराच खालीं. आतां दोष खालच्या अंगास कीं वरच्या? मेस्त्रींनीं त्या सिलिंडरांत चमचाभर तेल घालून पुन्हां मोजलें. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलानें फट भरून दाब चढला असता. तो चढला नाहीं. तेव्हां दाब वरून, म्हणजे व्हॉल्व्हमधून, सुटत होता. चमचाभर तेलानें एवढा मोठा निर्णय होतो, हें पाहून आम्हांस कौतुक वाटलें. हें ज्या घरीं जुनी गाडी आहे त्या घरच्या मंडळींनीं अवश्य लक्षांत ठेवावें. कारण ही साधी परीक्षा न करतां पुरतें इंजिन उघडून बसणारे गॅरेजवाले सर्वत्र आढळतात.

हेड उतरविलें तें इंजिन पुरतें थंड झाल्यावर, व नटबोल्ट ठराविक क्रमानें थोडे थोडे सैल करीत. घाई केल्यास अल्युमिनियमचें हेड वांकतें. तिसऱ्या सिलिंडराचा धूर बाहेर टाकणारा व्हॉल्व्ह कांठाशीं जळलेला निघाला. मग मेस्त्रींनीं सिलिंडराच्या वरच्या कांठाशीं नख फिरविलें. रिंग जेथपर्यंत पोंचते तेथवर भिंत झिजते, त्यावर झिजत नाहीं. म्हणून तेथें एक पायरी पडते. नख त्या पायरीस जेमतेम अडलें. मापयंत्रानें आडवें-उभें, वर-खालीं मोजलें. झीज होती, पण सोसण्याजोगी. खालून तेलाची कढई काढून गाळ धुतला, एक बेअरिंग उघडून पाहिलें. क्रँकचा दांडा गुळगुळीत होता.

येथें वडील भाचा पुन्हां म्हणाला, "आतां एवढें उघडलेंच आहे तर बोअर करूनच टाकूं." त्याच्या म्हणण्यास आधार नव्हता असें नाहीं. अर्धवट कामाचे दोष प्रसिद्ध आहेत. झिजलेल्या सिलिंडरांत नव्या रिंगा घातल्या तर त्या पायरीवर आपटून मोडतात. वरचें अंग फार घट्ट केलें तर खालच्या अंगाची झीज उघडी पडते. म्हणून पायरी मोठी असती, किंवा क्रँकवर ओरखडे असते, तर आम्हीहि कोल्हापूरचीच वाट दाखविली असती. पण या प्रश्नास दुसरी बाजू आहे. बोअर करणें म्हणजे धातु खरवडून काढणें. पिस्टन ठराविक पायऱ्यांनींच मोठे मिळतात, आणि भिंतीची जाडी कांहीं अमर्याद नसते. त्या पायऱ्या संपल्या कीं स्लीव्ह बसविण्यावांचून गति नाहीं. क्रँक घासण्याचेंहि तसेंच. गॅस्केट बदललें तर पुन्हां बदलतां येतें, व्हॉल्व्ह घासला तर नवा घालतां येतो. काढलेला धातु मात्र परत बसवितां येत नाहीं. बांधून ठेवलेला वडिलोपार्जित सोन्याचा ऐवज गरज नसतां मोडूं नये, तसाच हा प्रकार.

कायद्याचीहि एक बाजू निघाली. 2021 सालीं केंद्र सरकारनें जुन्या वाहनांसाठीं नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली, मूळ स्वरूपांत राखलेली, व सांगाडा, शरीर अथवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदतां येते. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये शुल्क, व ती दहा वर्षें चालते. वडील भाच्यास ही प्रतिष्ठा हवी होती. पण त्याच नियमांत असेंहि आहे, कीं अशी गाडी प्रदर्शन, मिरवणूक वगैरे कारणांखेरीज नित्याच्या वापरांत आणूं नये. म्हणजे प्रतिष्ठा मिळाली तर अक्काचें देवळांत जाणें खुंटलें! तेव्हां साधी नोंदणीच नूतन करून घ्यावी असें ठरलें. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीस ती दर पांच वर्षांनीं तपासणी करून मिळते.

पेट्रोलचाहि विचार झाला. 2000 सालापासून आपल्या देशांत शिसें मिसळलेलें पेट्रोल बंद झालें. तें शिसें जुन्या व्हॉल्व्हांच्या बैठकींस उशीसारखें होतें. अलीकडे पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल येऊं लागलें. तें जुनें रबर फुगवितें व हवेंतील ओल ओढून घेतें. म्हणून हेड बाहेर आहे तोंवर जळलेल्या व्हॉल्व्हाची बैठक कठीण धातूची बसवावी, पेट्रोलच्या नळ्या व पंपाचा पडदा नव्या मिश्रणास टिकणारा घालावा, आणि पावसाळ्यापूर्वीं टांकी रिकामी करावी, असें मेस्त्रींनीं सांगितलें.

शेवटीं निर्णय असा झाला. व्हॉल्व्ह, हेड, गॅस्केट, पाण्याच्या वाटा व रबराच्या नळ्या यांचें काम पुरतें करावें. सिलिंडर व क्रँक यांस हात लावूं नये. आणि जो पैसा वांचला त्यांतून आधीं ब्रेक करावे. हें शेवटचें मेस्त्रींचें. ते म्हणाले, गाडी चालली नाय तर माणूस घरीं ऱ्हवता. थांबली नाय तर खय जाता तां सांगूक येना नाय. चारी चाकांच्या ब्रेकची रबरें, तेल व नळ्या नवीं झालीं. टायर दिसावयास चांगले होते, पण वयानें कडक झालेले, तेहि बदलले. उरलेल्या रकमेंत वांशांचें निम्में काम निघालें, तेव्हां धाकट्याचेंहि समाधान झालें.

वडील भाचा मात्र जरा हिरमुसला होता. मेस्त्रींनीं हातांतलें फडकें खांद्यावर टाकलें व त्यास म्हणाले, "गावपळणीक आमी तीन दिस भायर ऱ्हवतंव. घरां पाडून जातंव काय? परत इल्यार जेच्या तेच्या घरातच जातंव. इंजिनाचा पण तसाच." सगळें बाहेर काढावें, स्वच्छ हवा लागूं द्यावी, काय कुजलें तें पाहावें, आणि बाकी ज्याचें त्याच्या जागीं परत ठेवावें. वडील भाचा कांहीं बोलला नाहीं. पण संध्याकाळीं तो स्वतः मेस्त्रींजवळ बसून व्हॉल्व्ह घासूं लागला, व रात्रीं काळ्या हातांनीं कुळथाचें पिठलें व भात जेवावयास बसला तेव्हां अक्कानें त्यास लहानपणच्या नांवानें हांक मारली.

परिवहन कार्यालयाची तपासणी व विमा होऊन गाडी रामनवमीच्या आठ दिवस आधीं रस्त्यावर आली. उत्सवाच्या दिवशीं अक्का पुढच्या आसनावर बसून देवळांत गेली; वडील मुलानें गाडी चालविली, धाकटा मागें पाण्याचा डबा घेऊन बसला. डब्याची गरज लागली नाहीं.

ज्या वाचकांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांस आमची एवढीच विनंति आहे, कीं गाडी कशासाठीं हवी हें आधीं घरांतल्या सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें, मग मोजावें, मग उघडावें, आणि जें पुन्हां भरून येणार नाहीं त्यास शेवटीं हात लावावा. आचऱ्यास मेस्त्रींनीं सिलिंडरांचीं चारीहि मापें, दाबाचे आंकडे, घातलेल्या भागांची यादी व तारीख अक्काच्या हिशेबाच्या वहींत लिहविलीं. ती वही आतां देवघराच्या फडताळांत आहे. सिलिंडर पुढें केव्हां तरी बोअर करावे लागतीलच. त्या वेळीं जो कोणी नातू तें इंजिन उघडील, त्यास कोठून आरंभ करावयाचा हें त्या पानावर मिळेल.